मृत्युपत्रातल्या तीन कालवडी

केंटकी राज्यातल्या नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याने ८ जानेवारी १७९३ रोजी मृत्युपत्र केलं. मे महिन्यात ते कोर्टात शाबीत झालं. म्हणजे मधल्या चार महिन्यांत कधीतरी जोसेफ गेला. मृत्युपत्र लहानसंच आहे. थॉमसला मेजर नावाचा तांबूस घोडा, जोशुआला बॉनी ही करडी घोडी, विल्यमला गिल्बर्ट, चार्ल्सला टोब, आणि बापाचंच नाव मिळालेल्या जोसेफला बाल्ड नावाचा घोडा, शिवाय दीडशे एकर जमीन. मुलींच्या वाट्याला एकेक कालवड: एलिझाबेथला जंटल, पॉलीला लेडी, नॅन्सीला पायडी. बाकीचं सगळं बायको नॅनीकडे, तिच्या हयातीपुरतं.

पाच घोडे आणि तीन कालवडी, आठही जनावरं नावानिशी. लूसी नावाच्या मुलीचा मात्र त्यात उल्लेख नाही. ती जोसेफची मुलगी होती की नव्हती, असली तर बापाने तिला का वगळलं, यावर अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या वाद चालला. कारण या लूसीची मुलगी नॅन्सी हँक्स ही अब्राहम लिंकनची आई.

नॅन्सीचं लग्न १८०६ मध्ये झालं आणि १८१८ च्या ऑक्टोबरात, पस्तिशीही न गाठता, इंडियानाच्या जंगलातल्या लाकडी घरात ती वारली. तिचं छायाचित्र असण्याचा प्रश्नच नव्हता, तो शोधच अजून लागायचा होता. तिच्या हातचं पत्र नाही, रोजनिशी नाही. दिसायला कशी होती हे तिला पाहिलेल्या माणसांना पुढे विचारलं, तर कुणी केस काळे सांगितले, कुणी फिकट; उंचीवरही एकमत होईना. थडग्यावर नीट दगड उभा राहिला तो १८७९ मध्ये, आणि तोही पीटर स्टूडबेकर या गाड्या बनवणाऱ्या कारखानदाराच्या पैशांतून. अशा बायका त्या काळच्या अमेरिकन खेड्यांत घरोघरी होत्या. फरक एवढाच, की हिचा मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यामुळे हिच्यासाठी वकील, पत्रकार, पाद्री आणि शेवटी जनुकशास्त्राचे जाणकार कामाला लागले. खेड्यातल्या एका बाईचं माहेर शोधायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे पाहायला याहून चांगलं प्रकरण मिळायचं नाही.

लिंकन घराण्याचं तसं नाही. तिथे वाट सरळ आहे. सॅम्युअल लिंकन नावाचा विणकर १६३७ मध्ये इंग्लंडमधल्या हिंगम गावाहून मॅसॅच्युसेट्समधल्या, तशाच नावाच्या, हिंगमला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचाही मुलगा मॉर्डेकाय, मग जॉन, मग १७८६ मध्ये केंटकीत मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेलेला अब्राहम, त्याचा मुलगा थॉमस, आणि थॉमसचा मुलगा आपला अब्राहम. सात पिढ्या, दीडशे-पावणेदोनशे वर्षं, एक समुद्र ओलांडून. आईच्या बाजूला मात्र दुसऱ्याच पायरीवर, म्हणजे आजीपाशीच, शोधणारे अडखळले. बुद्धी किंवा चिकाटी कमी पडली म्हणून नव्हे. कागदच तसे लिहिले जात होते.

इंग्लिश कायद्याची परंपरा अमेरिकेत तशीच आली होती. लग्न झालं की बाईची कायद्यातली ओळख नवऱ्याच्या ओळखीत मिटून जायची. जमीन त्याच्या नावावर, कर त्याच्या नावावर, कज्जेखटले त्याच्या नावावर. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीच्यांसाठी वयाचे रकाने असत, आणि त्यांत आकडे. सोळा ते सव्वीस वयाची गोरी बाई: एक. ही बायको, बहीण, मोलकरीण की आश्रित, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा नोंदलं गेलं १८५० मध्ये, म्हणजे नॅन्सीच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी. (गुलाम माणसांना तेव्हाही नाव नव्हतं, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढंच. एखाद्या काळ्या बाईची पणती आज वंशावळ शोधायला बसते, तेव्हा तिच्या वाटेतली भिंत नॅन्सीच्या भिंतीहून कितीतरी उंच असते.) कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना १८८० मध्ये आला. किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हे बायकांबद्दल विचारलं जाऊ लागलं १८९० मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली शेतकरीण त्यामुळे कागदावर बऱ्यापैकी सापडते. पूर्वार्धातली सापडत नाही. त्यातून केंटकीच्या १७९० आणि १८०० या दोन्ही शिरगणत्यांचे कागद हरवलेले. तिथे करयाद्यांवर भागवावं लागतं, आणि करयादीत बाई आली तर बहुधा विधवा म्हणूनच यायची.

मग बाई सापडायची कुठे? जिथे तिच्यावाचून पुरुषाचं काम अडतं तिथे. अशा जागा दोन-तीनच होत्या. पहिली म्हणजे लग्नाचा करार.

लिंकन राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा केंटकीतल्या एलिझाबेथटाऊनच्या सॅम्युअल हेक्राफ्टने त्याला पत्र लिहिलं. हेक्राफ्टने हार्डिन काउंटीच्या कोर्टाच्या कचेरीत वर्षानुवर्षं कारकुनी केलेली, परिसरातली सगळी घराणी तोंडपाठ. १८६० च्या मे महिन्यात लिंकनने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की बाकी तुमचं बरोबर आहे, पण माझ्या आईबद्दल तुमची गल्लत झाली. सॅली जॉन्स्टन ही वडिलांची दुसरी बायको, माझ्या आईचं माहेरचं नाव नॅन्सी हँक्स. काउंटीची दप्तरं ज्याच्या हाताखालून गेली, त्याच्या हिशेबातसुद्धा पहिली बायको पुसून गेली होती. पुढे हार्डिन काउंटीत लग्नाची नोंद शोधली ती मिळेना. नोंद मिळेना म्हटल्यावर व्हायचं तेच झालं: लिंकनच्या आईबापांचं लग्नच झालं नव्हतं, अशी वदंता विरोधकांनी पसरवली.

कागद निघाला तो शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, स्प्रिंगफील्डच्या कचेरीत, १८७० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर लिंकनला जाऊन बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. लग्न मुलीच्या घरी लागतं, तेव्हा नोंद मुलगी राहत होती त्या काउंटीत शोधायची, ही गोष्ट इतकी साधी आहे की आज कुठलाही हौशी संशोधक ती पहिल्या दिवशी शिकतो. पण त्या वेळी सगळे नवऱ्याच्या गावाचा माग काढत होते.

करार १० जून १८०६ चा आहे. या लग्नाला कायदेशीर अडथळा निघाला तर ५० पौंड भरू, असं लिहून खाली दोघांनी सही केली आहे: थॉमस लिंकन आणि रिचर्ड बेरी. लग्न १२ जूनला मेथडिस्ट पाद्री जेसी हेड यांनी लावलं. त्यांनी कचेरीत दिलेल्या यादीत इतर जोडप्यांबरोबर या दोघांचं नाव आहे. रिचर्ड बेरीने आपल्या सहीपुढे आपण पालक असल्याचं लिहिलं आहे. नॅन्सी तेव्हा बावीस वर्षांची, कायद्याने सज्ञान. तिला पालक लागायचं कारण नव्हतं. तरी तो लिहितो. म्हणजे नॅन्सी बेरींच्या घरी राहत होती, ते घर तिच्यामागे उभं होतं, आणि तिच्या बापाची सही तिथे नाही. एका ओळीत एवढं सगळं. बेरींचं घर ही पुढे फार मोठी भानगड झाली, तिकडे येतोच.

दुसरी जागा जमिनीची. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत तिसऱ्या हिश्शाचा हयातीपुरता हक्क असे. नवऱ्याने जमीन विकली तरी हा हक्क बुडत नसे, म्हणून शहाणा खरेदीदार विक्रीखतावर बायकोची संमती घेतल्याशिवाय पैसे मोजत नसे. कोर्टाचा माणूस तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी, की तू हे खुशीने करते आहेस ना. थॉमसने मिल क्रीकची २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली होती आणि १८१४ च्या ऑक्टोबरात ती १०० पौंडांना विकली. घाट्याचा सौदा, केंटकीतल्या मोजण्या आणि मालकी हक्क यांचा घोळ इतका होता, की शेवटी याच कारणाने आणि थोड्या गुलामगिरीच्या तिटकाऱ्याने हे कुटुंब इंडियानात गेलं. पण आपल्याला त्या सौद्याचे उपकार मानायला हवेत, कारण खतावर नॅन्सीची खूण आहे. सही नव्हे, फुली. तिला वाचता येत असे असं सांगणारे बरेच होते, आणि त्या काळी वाचायला शिकवून लिहायला न शिकवलेल्या मुली पुष्कळ. फुलीवरून ती निरक्षर होती असं ठरवणं घाईचं होईल.

आता लूसीकडे.

लिंकनने स्वतः लिहिलेल्या दोन छोट्या आत्मकथनांत, १८५९ आणि १८६० च्या, आईबद्दल फार थोडं आहे: हँक्स घराण्यातली, मूळची व्हर्जिनियाची, माझ्या दहाव्या वर्षात वारली, तिचे काही नातलग इलिनॉयमध्ये आहेत. घराणी दोन्ही सामान्यच, असंही तो म्हणतो. याउपर जे काही आहे ते त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याच्याकडून. १८५० च्या सुमारास दोघे एका खटल्यासाठी घोडागाडीतून चालले होते, खटल्यात आनुवंशिकतेचा मुद्दा होता, आणि बोलता बोलता लिंकन म्हणाला की त्याची आई लूसी हँक्सची अनौरस मुलगी. तिचा बाप व्हर्जिनियातला कुणी चांगल्या घरचा जमीनदार. आपल्यात जे गुण आहेत ते त्या बाजूने आले, असंही तो म्हणाल्याचं हर्नडन सांगतो. हे सगळं लोकांसमोर आलं लिंकनच्या मृत्यूनंतर, आणि हर्नडनचं पुस्तक निघालं १८८९ मध्ये.

ऐकलेल्या गोष्टीची किंमत किती धरायची? महाराष्ट्रात लिंकन पोचला तो हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्रामुळे. वसंत बापटांनी मराठीत आणलेलं ते पत्र कितीतरी शाळांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं आहे. लिंकनच्या लेखनाच्या संग्रहांत त्या पत्राचा मागमूस नाही आणि मूळ प्रत कुणी दाखवलेली नाही. वंशावळ शोधणारा माणूस कागदाचं सौंदर्य पाहत नाही. तो कुठून आला, कुणी पहिल्यांदा पाहिला, सांगणाऱ्याला कसं कळलं, एवढंच विचारतो. या कसोटीवर हर्नडनचं कथन हेडमास्तरांच्या पत्रापेक्षा पुष्कळ वरचं आहे. सांगणारा ठाऊक, प्रसंग ठाऊक, आणि ही गोष्ट रचून हर्नडनला शिव्यांखेरीज काही मिळणार नव्हतं. शिव्या भरपूर मिळाल्याही. पण साक्षीदार एकच, आणि लिहायला उशीर झालेला. दुसरीकडून पुरावा हवा होता.

हर्नडनने तोही प्रयत्न केला होता. लिंकनच्या खुनानंतर तो म्हाताऱ्या नातलगांच्या मागे लागला. त्यांतला डेनिस हँक्स हा नॅन्सीचा मावसभाऊ, बोलका, आणि घराण्याच्या अब्रूला फार जपणारा. नॅन्सीला हँक्स म्हणू नका, स्पॅरो म्हणा, असा त्याचा हट्ट. कारण लूसीने पुढे हेन्री स्पॅरोशी लग्न केलं होतं आणि आईच्या नवऱ्याचं आडनाव लावलं की प्रश्नच मिटतो. डेनिस स्वतः लग्नाआधी झालेला मुलगा होता. त्याच्या आईचं नाव, वाचकहो, नॅन्सी हँक्स. ही नॅन्सी निराळी, लूसीची बहीण. त्या घराण्यात ॲन, नॅनी, नॅन्सी ही नावं इतक्यांदा येतात की कागदातली नॅन्सी कुठली, हे दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं.

हे न केल्याने काय होतं ते १८९९ मध्ये दिसलं. कॅरोलाइन हँक्स हिचकॉक या हँक्स कुळातल्याच बाईंनी नॅन्सीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यांच्या हाती जोसेफचं मृत्युपत्र आलं होतं. पायडी नावाची कालवड मिळालेली मुलगी नॅन्सी, तीच लिंकनची आई, असं त्यांनी मांडलं. लूसीची गरजच संपली. लिंकनची आई औरस, बाप जोसेफ, सगळं स्वच्छ. इडा टार्बेल या गाजलेल्या पत्रकार बाईंनी ते उचलून धरलं आणि लोकांनीही आनंदाने स्वीकारलं. घोटाळा असा, की मृत्युपत्रातल्या नॅन्सीचं पुढचं आयुष्य कागदोपत्री दिसतं: तीच डेनिसची आई आणि नंतर लिव्हाय हॉलची बायको. एक कालवड दोन नॅन्सींना देता येत नाही.

१९२० च्या दशकात दोन तगडे संशोधक आमनेसामने आले. विल्यम बार्टन म्हणाला, लूसी ही जोसेफ आणि नॅनीचीच मुलगी, लग्नाआधी तिला नॅन्सी झाली, मृत्युपत्रात ती नाही कारण बापाने तिला दूर केलं असावं. लुई वॉरन म्हणाला, मुळीच नाही. लूसी ही शिपली घराण्यातली, जेम्स हँक्सची विधवा, आणि नॅन्सी त्या लग्नातून झालेली औरस मुलगी. वॉरनचा आधार म्हणजे बेरींचं घर. त्या घरातली थोरली बाई रेचल ही माहेरची शिपली. पोरकी मुलगी मावशीकडे वाढली आणि तिथून तिचं लग्न झालं, हे किती नैसर्गिक! वॉरनने केंटकीची दप्तरं जेवढी उलथीपालथी केली तेवढी क्वचितच कुणी केली असतील, आणि लिंकनच्या बापाबद्दल आज जे पक्कं ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्याच्यामुळे. पण नॅन्सीच्या बाबतीत त्याला एक निष्कर्ष हवा होता, असं वाचताना सारखं वाटत राहतं.

दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: हेन्री स्पॅरोशी लग्न केलेली लूसी हीच नॅन्सीची आई. पुढचा सगळा उलगडा या एकमताच्या जोरावर झाला.

लूसीबद्दलचे दोन कागद मर्सर काउंटीत आहेत आणि ते शेजारी ठेवून वाचायला हवेत. पहिला नोव्हेंबर १७८९ चा. ग्रँड ज्युरीने लूसी हँक्सवर व्यभिचाराचा आरोप ठेवला. नॅन्सी तेव्हा पाच-सहा वर्षांची असणार आणि ती जन्मली व्हर्जिनियात, तेव्हा हा आरोप नॅन्सीच्या जन्माचा पुरावा म्हणून पुढे करणारे लेखक पुराव्याच्या बाहेर जातात. दुसरा कागद २६ एप्रिल १७९० चा, पाचच महिन्यांनंतरचा. हेन्री स्पॅरोला लग्नाचा परवाना हवा आहे आणि त्यासाठी लूसीची संमती लागते. ती बापाने, भावाने किंवा पालकाने द्यायची रीत. लूसी स्वतःच लिहून देते, की मी सज्ञान आहे आणि हेन्रीने आज किंवा दुसऱ्या कुठल्याही दिवशी परवाना काढावा, माझी खुशीने संमती आहे. स्पेलिंगं मनाला येतील तशी. खाली स्वतःची सही. लग्न लागलं एका वर्षाने, एप्रिल १७९१ मध्ये. आरोपाचं पुढे काही झालं नाही.

नॅन्सीचा बाप कोण यावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या दहाव्या हिश्शानेही या कागदावर झालेली नाही, आणि हे मला विचित्र वाटतं. कोर्टात नाव निघालेली, पदरी मूल असलेली, जंगलतोड करून वसवलेल्या मुलखातली बाई आपल्या हाताने आपल्या लग्नाचा कागद लिहिते आहे. चोवीस वर्षांनी तिच्या मुलीला विक्रीखतावर फुली काढावी लागते. आनुवंशिकतेने मिळालेली बुद्धी शोधायला व्हर्जिनियाच्या अनामिक जमीनदाराच्या दारात जाणाऱ्यांनी आधी ही सही पाहायला हवी होती.

कागद संपले की वंशशोधक बाईभोवतीच्या माणसांकडे वळतात. एलिझाबेथ शोन मिल्स या अमेरिकन वंशशास्त्रज्ञ बाईंनी ही पद्धत शिस्तीने मांडली: नातलग, सोबती, शेजारी, या तिन्ही वर्तुळांची नावं गोळा करायची आणि एकत्र हलणारी माणसं पाहायची. माणसं एकटी स्थलांतर करत नसत. हँक्स बहिणींना हे लावलं की चित्र उमटू लागतं. लूसीचा नवरा हेन्री स्पॅरो. मृत्युपत्रातली जंटल कालवडवाली एलिझाबेथ, तिचा नवरा थॉमस स्पॅरो, हेन्रीचा भाऊ. म्हणजे या दोघी जावा होत्या, आणि बार्टन खरा असेल तर सख्ख्या बहिणीही. नॅन्सीच्या लहानपणाचा बराच काळ याच एलिझाबेथकडे गेला. डेनिसलाही तिनेच वाढवलं. आणि लिंकन कुटुंब इंडियानाला गेल्यावर वर्षभरात त्यांच्या पाठोपाठ कोण आलं? थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो, सोबत डेनिस. मृत्युपत्रात लूसी नसेल, पण तिच्या मुलीला सांभाळणारी, तिच्यामागे जंगलात येणारी बाई मृत्युपत्रातली आहे. शिपलींच्या बाजूने असा धागा एकच, बेरींच्या घराचा.

तिघांचा शेवटही एकाच हंगामात झाला. १८१८ च्या उन्हाळ्याअखेरीस त्या वस्तीत दुधाचा आजार आला. जंगलात चरणाऱ्या गाई पांढऱ्या फुलांचं एक रानझुडूप, व्हाइट स्नेकरूट, खात. त्यातलं विष दुधात उतरे आणि दूध पिणारी माणसं आठवड्याभरात जात. आधी थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो गेले, मग त्यांची शुश्रूषा करणारी नॅन्सी, ५ ऑक्टोबरला. या आजाराचं कारण शास्त्राने पक्कं केलं ते शंभरेक वर्षांनी.

बार्टन खरा की वॉरन, याचा निकाल लागला तो आणखी वेगळ्या मार्गाने. पेशींमधल्या मायटोकाँड्रियात थोडासा स्वतंत्र डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. मुलग्यांनाही मिळतो, पण पुढे जातो मुलींमार्फतच. पुरुषांचं घराणं आडनावावरून शोधतात; बायकांची ओळ कुठल्याच आडनावात राहत नाही, दर लग्नाला बदलते. आडनावाने जे टाकलं ते या डीएनएने जपलं. अडचण एकच होती. नॅन्सीची मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मुलगा अब्राहम, त्याला चारही मुलगेच. नॅन्सीपासून खाली येणारी बायकांची ओळ तिथेच संपलेली.

म्हणून संशोधकांनी एक पायरी वर जाऊन बाजूने खाली यायचं ठरवलं. लूसीला हेन्री स्पॅरोपासून मुली झाल्या होत्या. त्यांच्या मुली, नाती, पणती अशी आईकडूनच येणारी अखंड ओळ कागदांवरून जुळवत आज हयात असलेल्या माणसांपर्यंत आणायची. तशीच दुसरी ओळ मृत्युपत्रातल्या मुलींपासून, तिसरी शिपली बहिणींपासून. हे काम प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा किचकट, कारण दर पिढीला नवं आडनाव. म्हणजे या प्रकरणात नॅन्सीसाठी जे केलं ते सहा-सात बायकांसाठी पुन्हा पुन्हा करायचं. मग नमुने घेतले. २०१५ मध्ये निकाल जाहीर झाला. लूसी स्पॅरोच्या मुलींची ओळ आणि जोसेफ-नॅनीच्या मुलींची ओळ जुळली. दोन्हीकडे एक्स१सी नावाचा, फार विरळा सापडणारा मायटोकाँड्रियल गट. सामान्य गट असता तर योगायोग म्हणता आला असता. एवढा दुर्मीळ असताना तसं म्हणणं अवघड. शिपलींची ओळ वेगळी निघाली.

म्हणजे लूसी मृत्युपत्र करणाऱ्या जोसेफच्या घरातली, नॅनीची मुलगी. बार्टन खरा ठरला, आणि त्याच्याबरोबर घोडागाडीतली ती गोष्ट सांगणारा हर्नडनही निदान निम्मा खरा ठरला. बापाने लूसीला काही का दिलं नाही, हे मात्र डीएनए सांगत नाही. रागाने दिलं नसेल. किंवा १७९३ पर्यंत तिचं लग्न झालेलं होतं आणि तिच्या वाट्याचं जनावर आधीच तिच्या गोठ्यात गेलेलं असेल. मृत्युपत्रात आधी दिलेल्याचा हिशेब लिहायची सक्ती नव्हती. मला दुसरी शक्यता जास्त पटते, पण पटण्यावर वंशावळ लिहीत नाहीत.

उरलेला प्रश्न नॅन्सीच्या बापाचा. लिंकनचा शेवटचा निर्विवाद वंशज, पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ, १९८५ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा नॅन्सीच्या रक्ताचं हयात कुणी नाही. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यक संग्रहालयात लिंकनच्या कवटीचे तुकडे आणि केस जपून ठेवले आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, लिंकनला एक आनुवंशिक आजार होता का हे पाहण्यासाठी, त्यांवर चाचणी करावी का यावर तज्ज्ञांची समिती बसली होती; तंत्र पुरेसं तयार नाही म्हणून तो विचार लांबणीवर पडला. त्या तुकड्यांत नॅन्सीकडून आलेला डीएनए आहेच, आणि तो लूसीच्या वंशजांशी थेट ताडता येईल. व्हर्जिनियाच्या त्या जमीनदाराचं नाव काढायचं तर दुसऱ्या प्रकारचा डीएनए वाचावा लागेल, आणि तो कुणाच्या वंशजांशी ताडायचा हे आधी कागदांवरून ठरवावं लागेल: १७८३ च्या सुमारास लूसी कुठे होती, कुणाच्या शेजारी होती. जोसेफ तेव्हा व्हर्जिनियातल्या हॅम्पशायर काउंटीत होता. तिथली १०८ एकर जमीन त्याने मार्च १७८४ मध्ये गहाण टाकली आणि केंटकीची वाट धरली. त्याआधीच्या, १७८२ च्या, गणतीत त्याचं घर सापडतं. जोसेफ हँक्स, आणि पुढे आकडा: अकरा माणसं.